ढगफुटीसदृश, दुष्काळसदृश

'सदृश' हा तसा पुस्तकी शब्द. घरात कोणी 'आज आमटी सांबारसदृश झाली आहे' असे म्हणत नाही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत या शब्दाने खेड्यापाड्यांत चांगलीच पायपीट केली आहे. जोराचा पाऊस आला की वृत्तवाहिन्या 'ढगफुटीसदृश पाऊस' म्हणतात आणि पाऊस आलाच नाही की मंत्रालय 'दुष्काळसदृश परिस्थिती' म्हणते. वाहिनीला आहे त्यापेक्षा मोठे काही सांगायचे असते, तर सरकारला आहे तेवढे मोठे म्हणायचे नसते. दोघांचीही गरज हा एकच शब्द भागवतो. मधल्या मध्ये ज्याचे सोयाबीन पाण्याखाली गेले किंवा उभ्या रानात करपले, तो विचारतो की सदृश म्हणजे नेमके काय, आणि मला त्यातून काय मिळणार?

पाऊस, ऊन, दुष्काळ हे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कसला वाद, असे वाटते. पण या शब्दांवर आपल्याकडे खरे वाद आहेत आणि त्यांत पैसा, कर्ज, वीजबिल अडकलेले आहे.

ढगफुटीपासून सुरुवात करतो. हवामानखात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. यातला 'एका तासात' हा भाग महत्त्वाचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहराची ही दोन टोके. त्या दिवसाला लोक सर्रास ढगफुटी म्हणतात आणि म्हणोत, कारण ज्याच्या गळ्यापर्यंत पाणी आले त्याने घड्याळ लावून पाऊस मोजावा अशी अपेक्षा कोणी करू नये. पण चोवीस तासांचा आकडा, तो कितीही मोठा असला, ढगफुटी झाली की नाही हे सांगू शकत नाही. त्याला तासाचा आकडा लागतो. आता तालुक्यांत स्वयंचलित केंद्रे आली आहेत, ती थोड्या थोड्या वेळाने नोंद घेतात. मात्र ढग केंद्राचा पत्ता विचारून फुटत नाही. शिवारात फुटला आणि केंद्र दहा किलोमीटर दूर कोरडे राहिले, की कागदोपत्री काहीच घडले नाही.

याने फरक पडतो, कारण केंद्र सरकारच्या आपत्ती निधीसाठी ठरलेल्या आपत्तींची एक यादी आहे. तीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, दरड कोसळणे असे बारा प्रकार आहेत आणि ढगफुटीही आहे. नुसता जोराचा पाऊस त्या यादीत नाही. अतिवृष्टी आणि अवेळी पाऊस यांना राज्याने आपल्या अधिकारात आपत्ती ठरवले आहे. म्हणजे 'ढगफुटी' हा शब्द एका दाराची किल्ली आहे. वाहिन्या रोज संध्याकाळी ती किल्ली हवेत फिरवतात. दर पावसाला ढगफुटी म्हटले की ज्या गावात ती खरोखर झाली त्या गावाचे म्हणणेही अधिकारी हसण्यावारी नेतात. वाहिन्यांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठी.

शेतकऱ्याचा रोजचा संबंध येतो तो अतिवृष्टीशी. शब्दकोशात अतिवृष्टी म्हणजे प्रमाणाबाहेर पाऊस. शासनाच्या कोशात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. हवामानखाते ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला 'जोरदार' म्हणते, ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. पायरी कुठेतरी असावी लागते, हे मान्य. पण ही पायरी वापरायची पद्धत बघा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. समजा, पहाटे सहाला पाऊस सुरू झाला आणि अकराला थांबला. साडेआठपर्यंत ४५ मिलिमीटर पडला, साडेआठनंतर आणखी ४५. पाच तासांत नव्वद मिलिमीटर. नाल्याने काठ सोडला, बांध फुटला, माती वाहून गेली. कागदावर मात्र दोन दिवस, दोन्ही दिवशी ४५, अतिवृष्टी नाही. घड्याळाच्या काट्याने एक पाऊस दोन तारखांना वाटून दिला.

यावर अधिकारी म्हणतात की काहीतरी निकष लागणारच, नाहीतर उद्या प्रत्येकजण अतिवृष्टी झाली म्हणेल. ते चुकीचे नाही. पैसा सरकारी तिजोरीतून जातो, हिशोब लागतो. पण नुकसानीचा निकष वेगळा आहेच की. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले तरच मदत, हा नियम २०१५ पासून आहे. आधी तो ५० टक्के होता. पंचनाम्यात तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक रानात जाऊन बघतात. डोळ्यांना दिसणारे नुकसान मोजायची सोय असताना त्याच्या आधी ६५ चे फाटक कशाला, हा माझा प्रश्न आहे.

मजा म्हणजे सरकारलाही ते कुठेतरी पटलेले दिसते. आपल्याकडे झड हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. चार-पाच दिवस पाऊस धड मोठा येत नाही आणि थांबतही नाही. सूर्य दिसत नाही, वाफसा येत नाही, मूग-उडदाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. आमच्या घरात दखनी बोलतात, तीत 'झडी लगी' म्हटले की आजी ओली लाकडे चुलीशेजारी रचायला घेई. या झडीत कोणत्याही एका दिवशी ६५ मिलिमीटर भरत नाही. वर्षानुवर्षे या नुकसानीला सरकारी नावच नव्हते, म्हणून मदतही नव्हती, किंवा खास बाब म्हणून आंदोलनानंतर मिळत होती. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'सततचा पाऊस' ही नवी आपत्ती मान्य केली. व्याख्या अशी की मंडळात सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस हवा आणि तो त्या काळातल्या मागच्या दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा ५० टक्के तरी जास्त हवा. शेतकऱ्याच्या तोंडचा एक शब्द कागदावर यायला किती काळ लागतो त्याचे हे उदाहरण. आला हे चांगलेच झाले. पण कागदावर येताना 'झड' गळून 'सततचा पाऊस' झाला आणि त्यातही 'रोज दहा' अशी अट बसली. चौथ्या दिवशी आठ मिलिमीटर पडला तर झड मोडली, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

हाच घोळ उलट्या बाजूने खंडाच्या बाबतीत होतो. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने पाठ फिरवली आणि पीकविम्याच्या आगाऊ रकमेसाठी २१ दिवसांच्या खंडाची चर्चा गावोगाव सुरू झाली. पारावर लोक दिवस मोजत होते. हवामानखात्याच्या भाषेत अडीच मिलिमीटर पडला की तो 'पावसाचा दिवस'. अडीच मिलिमीटर म्हणजे काय? अंगणातली धूळ बसते. पिकाच्या मुळांना त्याची खबरही लागत नाही. अशा दिवशी पाऊस पडला म्हणायचे की नाही, यावर शेतकरी आणि विमावाला यांचे एकमत होणे शक्य नाही, कारण एकाला ओल हवी असते आणि दुसऱ्याला नोंद.

आता दुष्काळ. या शब्दाइतका घाबरवणारा शब्द शासनाकडे दुसरा नसावा. उर्दूत याच्यासाठी दोन शब्द आहेत. 'खुश्कसाली' म्हणजे कोरडे वर्ष, पाऊस कमी झाला. 'कहत' म्हणजे अन्न मिळेनासे होणे, माणसे देशोधडीला लागणे. इंग्रजीतही ड्राउट आणि फेमिन असे दोन आहेत. मराठीत दोन्हीला दुष्काळ. पाऊस नाही झाला तरी दुष्काळ आणि माणसे भुकेने मेली तरी दुष्काळ. मला वाटते, सरकारच्या या शब्दाविषयीच्या भीतीचे मूळ इथे आहे. 'दुष्काळ जाहीर' असे म्हणताच लोकांच्या डोळ्यांसमोर हाडांचे सापळे येतात आणि विरोधक विधानसभेत उभे राहतात.

या भीतीपायी महाराष्ट्राने एकदा कमालच केली. १९६३ साली विधिमंडळाने कायद्यांतून 'फेमिन' हा शब्दच वगळण्याचा कायदा केला. राज्यातल्या शेतीवर शासनाची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय होतात, तेव्हा फेमिनची वेळ येण्याचे कारणच उरलेले नाही, अशी त्यामागची भूमिका. फेमिनच्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, आली. शब्द गेला. नऊ वर्षांनी १९७२ आले. आज सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, तो 'बहात्तरची टंचाई' म्हणणार नाही. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणेल आणि खडी फोडायच्या कामाच्या, सुकडीच्या आठवणी सांगेल. कायद्याला कागदावरचा शब्द खोडता आला, जिभेवरचा नाही.

आणि तरी खोडण्याची हौस फिटली नाही. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय हवामानखात्याने आपल्या शब्दसंग्रहातून 'ड्राउट' काढून टाकला. देशात पाऊस फार कमी झाला तर त्या वर्षाला 'तुटीचे वर्ष' म्हणायचे ठरले. खाते म्हणते, आम्ही पाऊस मोजतो, दुष्काळ जाहीर करणे राज्यांचे काम. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण राज्ये तरी ते काम करतात का? महाराष्ट्रात त्या काळात 'दुष्काळसदृश'चा संसार चालू होता. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आल्या, न्यायालयाने विचारणा केली आणि मे २०१६ मध्ये राज्य सरकारला सांगावे लागले की २९ हजारांहून अधिक गावांच्या बाबतीत 'दुष्काळसदृश' लिहिले आहे तिथे 'दुष्काळ' असे वाचावे. शुद्धिपत्राने दुष्काळ जाहीर झाला! छपाईतली चूक असावी तसा.

त्याच वर्षी केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली. आधी आपल्याकडे आणेवारी होती, पुढे पैसेवारी म्हणू लागलो. ५० पैशांच्या आत आली की दुष्काळाचा विचार. तिच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ होते. गावात बसून आकडा पाडता येत असे. पण तिचे मोजमाप गावातल्या उभ्या पिकाशी जोडलेले होते. नव्या संहितेत पावसाची तूट, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, धरणे आणि भूजल असे निर्देशांक आले आणि त्यातून 'मध्यम' व 'गंभीर' दुष्काळ ठरू लागला. २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यातले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. २०२३ मध्ये संहितेच्या चाळणीतून ४० तालुकेच खाली पडले. उरलेल्यांची ओरड झाली तेव्हा एक हजाराहून अधिक महसूल मंडळे 'दुष्काळसदृश' ठरवून त्यांना महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषीपंपाच्या वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती दिल्या. 'सदृश' परत आला. एका रस्त्याच्या अलीकडचा तालुका दुष्काळ आणि पलीकडचे मंडळ सदृश. दोन्हीकडच्या विहिरी सारख्याच कोरड्या.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा बुडाला तेव्हा 'ओला दुष्काळ जाहीर करा' ही मागणी जोराने पुढे आली. सरकारने सांगितले की संहितेत अशी संज्ञाच नाही, पण दुष्काळात देतो त्या सवलती देऊ. काही शहाण्यांनी याच निमित्ताने शेतकऱ्यांची थट्टा केली की दुष्काळ ओला कसा असेल, हे तर थंड आग म्हणण्यासारखे झाले. या शहाण्यांना मराठी येत नाही. दुष्काळ या शब्दात पाणी कुठेच नाही. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. ज्या वर्षी घरात दाणा येणार नाही ते वर्ष, मग तो दाणा उन्हाने जळो की पाण्याने कुजो. कोरडा हे विशेषण आपण गृहीत धरत आलो, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा तो कोरडाच आला. शेतकऱ्याने 'ओला' लावून शब्दाचा मूळ अर्थ परत आणला. भाषेच्या दृष्टीने त्याचेच बरोबर आहे. संहितेत संज्ञा नसेल तर संहिता अपुरी आहे.

एकाच पावसाला दोन माणसे दोन नावे देतात, यात नेहमीच कोणी खोटे बोलत असते असे मात्र नाही. माझे घर मराठवाड्यातले आणि सासुरवाडी रत्नागिरी जिल्ह्यातली. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येते, वारा सुटतो, विजा कडाडतात आणि तासभर पाऊस झोडपून जातो. आमच्याकडे याला वळीव म्हणतात. नांगरून टाकलेल्या रानातली ढेकळे त्याने फुटतात, उन्हाने तापलेली जमीन निवते, आणि म्हातारी माणसे 'यंदा वळीव चांगला झाला' असे समाधानाने सांगतात. तोच पाऊस रत्नागिरीत पडला की सासऱ्यांचा चेहरा पडतो. झाडावर हापूस तयार असतो. फळावर डाग पडतात, फळमाशी लागते, वर्षाचे गणित कोलमडते. त्यांच्यासाठी तो अवकाळी. त्यांना पाऊस हवा तो आगोटीनंतर, लाकूडफाटा, सुकी मासळी, पापड घरात भरून झाल्यावर.

वाहिन्यांनी आता वळीव हा शब्द जवळजवळ मारून टाकला आहे. सात जूनच्या आधी पडलेला प्रत्येक थेंब त्यांना अवकाळी. वैशाखातला वळीव हा वेळेवर येणारा पाऊस आहे. तो आला नाही तर आमच्याकडे लोक चिंता करतात. अवकाळी म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, द्राक्षे आडवी करून गेलेल्या गारपिटीसारखा. दोघांना एकच नाव दिल्याने नुकसान असे होते की हवामान बदलले आहे का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्मरणातून पुसले जाते. उद्याची मुले म्हणतील, मे महिन्यात पाऊस म्हणजे आक्रीतच!

तीच गत 'मान्सून आला' या दोन शब्दांची. हा शब्द गंमतीदार आहे. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ, ऋतू. अरब खलाशी ज्या काळात वारे फिरतात त्याला मौसिम म्हणत. तो पोर्तुगीजांनी उचलला, इंग्रजांनी त्याचा मान्सून केला आणि आपण इंग्रजांकडून तो परत घेतला. मधल्या काळात थेट आलेला 'मोसम' आपल्याकडे होताच. खरीप आणि रब्बी हेही अरबीच. तिकडे खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. ज्यांना मराठीतून अरबी-फारसी शब्द हाकलायचे असतात त्यांनी आधी सातबारा आणि पीकपेरा वाचायला बसावे. मराठेशाहीच्या कागदांत जो शुहूर सन येतो, त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत आणि वर्ष सुरू होई ते सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर. अरबी आकडे आणि मृगाचा पाऊस एका ओळीत नांदत होते, कोणाला त्यात विचित्र वाटले नाही.

विषय सोडून थोडे दूर गेलो. हवामानखाते 'मान्सून केरळात दाखल' म्हणते तेव्हा त्यामागे नियम असतो. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस, शिवाय वाऱ्याची दिशा, खोली आणि ढगांची मोजमापे. ही घोषणा वाऱ्यांविषयी आहे. शेतकरी मात्र 'मान्सून आला' याचा अर्थ 'पेरा' असा घेतो, कारण शेकडो वर्षे त्याच्या भाषेत तोच अर्थ होता. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच पोहोचला आणि कृषी विभागाला लगोलग सांगत फिरावे लागले की घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल गेल्याशिवाय पेरू नका. जुलै २०१७ मध्ये तर बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामानखात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. लोक हसले. दुबार पेरणीचे बियाणे ज्याने उसने आणले तो हसत नव्हता.

यात खात्याचा मराठी अनुवादही भर घालतो. 'तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस' हे वाक्य घ्या. इथे तुरळक हे ठिकाणांचे विशेषण आहे; एकूण केंद्रांपैकी जास्तीत जास्त चौथ्या हिश्शात पाऊस होईल एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकणाऱ्याच्या कानात 'तुरळक' पावसाला चिकटतो, आणि तो म्हणतो, तुरळक आहे ना, मग चला, काढणीला लागू. 'चारपैकी एखाद्या गावात मुसळधार पाऊस होईल, ते तुमचेही असू शकते' असे लिहायला किती शाई जास्त लागते?

व्याख्या कशी असावी याचा विचार करताना मला आपल्या फिकहमधली एक चर्चा आठवते. पावसामुळे दोन नमाजा एकत्र पढता येतात का, यावर मतभेद आहेत. आम्ही हनफी, आमच्याकडे पावसासाठी तशी सवलत नाही. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. त्यांच्याकडे मशिदीत जमातसाठी आलेल्यांना ती आहे. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात सासुरवाडीच्या मशिदीत मगरिबपाठोपाठ इशाची जमात उभी राहिलेली पाहून मी चकित झालो होतो. प्रश्न असा की कोणता पाऊस पाऊस धरायचा? शाफई फकिहांनी दिलेले उत्तर साधे आहे: कपडे भिजतील इतका. मशिदीत न येता घरीच नमाज पढण्याच्या मुभेबाबतही चर्चा होते ती भिजण्याची, चिखलाची, वाटेवर पाय घसरण्याची. हे फकीह गणितात कच्चे नव्हते. वारसाहक्काचे अपूर्णांक सोडवणारी माणसे होती. तरीही पावसाची व्याख्या करताना त्यांनी तो माणसाला किती त्रास देतो हे पाहिले.

कुरआनातल्या पावसाच्या शब्दांवरही असाच जुना वाद आहे. अरबीत पावसाला 'मतर' आहे आणि 'गैस' आहे. सुफ्यान इब्न उयैना यांचे म्हणणे बुखारींनी नोंदवले आहे की कुरआनात मतर हा शब्द अजाबसाठीच येतो, दिलासा देणाऱ्या पावसाला गैस म्हटले जाते. त्यावर इतरांनी सूरह अन-निसामधली आयत दाखवली, जिथे पावसाचा त्रास होत असेल तर हत्यारे खाली ठेवायची मुभा दिली आहे आणि शब्द मतरच आहे. तिथे तो अजाब कसा? मग कोणी म्हणाले, त्रास तर आहेच की. वाद हजार वर्षांहून जुना आहे आणि तो मिटला नाही म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. मला त्यात आवडते ते हे की शब्दाचा अर्थ ठरवताना पाऊस कोणावर आणि कोणत्या वेळी पडला हे पाहिले गेले. पैगंबरांच्या (स.) काळातली ती जुम्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एका जुम्याला एकाने येऊन पावसासाठी दुआ मागायला सांगितले, गुरे मरत होती. पाऊस लागला तो आठवडाभर. पुढच्या जुम्याला पुन्हा माणूस आला, घरे पडताहेत, आता थांबावा म्हणून दुआ करा. पाऊस तोच. नमाज-ए-इस्तिस्का पढायला ईदगाहवर जाणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की मिलिमीटर ठेवा, पण त्यांना शेवटचा शब्द देऊ नका. नुकसान डोळ्यांना दिसत असेल तर ६५ किंवा १० किंवा २१ हा आकडा पंचनाम्याच्या आड येता कामा नये. आज राज्यात दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, पण एका मंडळात दहा-वीस गावे असतात, कधी त्याहून जास्त, आणि आपला पाऊस बैलाचे एक शिंग भिजवतो व दुसरे कोरडे ठेवतो, असे गावोगाव म्हणतात. ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याची केंद्राची योजना आहे. तिला वेग हवा. दुसरे, 'सदृश' हा शब्द शासकीय आदेशांतून कायमचा जावा. एक तर दुष्काळ म्हणा किंवा नाही म्हणा आणि का नाही ते मराठीत लिहून गावात लावा.

वाहिन्यांचे काय करावे, ते मला सुचत नाही. पण आपल्यापैकी जे तालुक्याच्या वर्तमानपत्रांत बातम्या पाठवतात, आणि आपली अनेक मुले आता हे काम करतात, त्यांनी एवढे तरी करावे. 'ढगफुटी' लिहिण्याआधी तहसील कार्यालयातून किंवा केंद्राच्या नोंदीतून तासाचा आकडा मागावा आणि तो बातमीत छापावा. आकडा मिळाला नाही तर 'धो धो पाऊस' लिहावे. गेल्या वर्षी एका मित्राने तसे केले, तेव्हा संपादकाने विचारले की 'धो धो' हा शब्द बातमीत चालतो का. त्याने उत्तर दिले, 'ढगफुटीसदृश चालतो, मग हा का नाही?' बातमी तशीच छापली गेली.